मागचं डावं चाक

नवरा गेल्यावर गाडी सात महिने बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी होती. अंबरनाथहून बदलापूरला घरी येताना पालेगावच्या जवळ त्याला हार्ट अटॅक आला. सगळ्यांनी मला एकच सांगितलं: त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि झोप लागावी तसा गेला. मीही ते धरून बसले. सासूबाईंना रोज म्हणायचे, "आई, त्याला काही कळलंच नसेल." त्या मान हलवायच्या.

दीर म्हणाला, "वहिनी, विकून टाका." पण मी शिकवते ती शाळा अंबरनाथला, आम्ही राहतो बदलापूरच्या बेलवलीत, आणि लायसन्स तर होतंच. मी नवी बॅटरी बसवून घेतली आणि एका सोमवारी गाडी बाहेर काढली.

पहिल्याच दिवशी समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. छोटीशी गाडी आणि तिच्या मागे दोन नागमोडी रेघा. शेजारी ब्रेकच्या एबीएसचाही. गाडी चालू करताना सगळे दिवे लागून विझतात तसे हेही विझले होते. पण थोडा वेग घेतला, उजवीकडे वळले, आणि दोन्ही परत लागले. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, ट्रॅक्शन कंट्रोल बंद आहे, चाक घसरलं तर गाडी स्वतःहून सावरणार नाही. रस्ता कोरडा होता. तरी पुढचं वळण मी अगदी हळू घेतलं.

आठवडाभर तसंच. बंद करून चालू केली की दिवा जायचा, वळणावर परत यायचा. सीटला अजून त्याच्या केसांच्या तेलाचा वास होता. एकदा दिवा लागला तेव्हा मी "अरे, काय?" असं मोठ्याने म्हणाले आणि मग स्वतःचीच भीती वाटली.

दिराला फोन केला. तो म्हणाला, "त्या दिवशी मी गाडी घरी आणली ना, तेव्हाही लागला होता. मी कोणाला बोललो नाही."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी उल्हासनगरला गेले. तिथे एक वयस्कर सिंधी मेकॅनिक आहेत, नवरा त्यांच्याकडेच सर्व्हिसिंग करायचा. तो गेल्याचं त्यांना कळलं होतं. स्टीअरिंगखाली स्कॅनर जोडला, स्वतः चालवायला बसले, मला स्क्रीन हातात धरायला दिला.

"चार नंबर दिसतात ना? चार चाकांचा स्पीड. बघत राहा."

वीस, वीस, वीस, वीस. उजवीकडे वळलो. तीन आकडे तसेच राहिले. चौथा शून्य झाला.

"अंकल, हे काय?"

"मागचं डावं चाक. फिरतंय बरोबर, पण गाडीला वाटतं की थांबलंय. सेन्सर नाही तर वायर."

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढवून त्यांनी ते चाक काढलं. टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. सेन्सरची वायर धरून ठेवणारी क्लिप तुटली होती, वायर एका जागी चेचली गेली होती. आत दोन-तीन तारा कशाबशा चिकटून होत्या; चाक जरा हललं की सुटायच्या. रिमची आतली कड वाकली होती. खालच्या पत्र्यावर लांब ओरखडे.

"बेटी, गाडी कुठे दगडावर चढवली होतीस?"

"मी नाही."

त्यांनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "स्पीडमध्ये चढलीय. पार्क करताना असं होत नाही." मग तेव्हा गाडी कोण चालवत होतं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. ते उठून हात पुसायला गेले आणि बराच वेळ पुसत राहिले.

वायरसकट नवा सेन्सर बसवला, क्लिप लावली, स्कॅनरवरून बिघाडाचा कोड पुसला. पुन्हा चक्कर मारली. चारही आकडे वळणावर एकत्र चढले, एकत्र उतरले. दिवा लागला नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी घरी येईपर्यंत 'स्पीडमध्ये चढलीय' हेच कानात होतं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी ठरवलं होतं, यांना सांगायचं नाही. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय निघालं गं?"

"वायर तुटली होती. दगडावर आपटून." मी थांबले. "आई, त्याने गाडी नीट बाजूला घेतली नव्हती."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"मला माहीत आहे. तेराव्याला पालेगावचा एक माणूस आला होता, तू आत होतीस. त्याची बायको डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्यातून चालली होती. गाडी तिच्यावरच येत होती म्हणाला. शेवटच्या क्षणी यानं डावीकडे बांधकामाच्या दगडांवर घातली. मग गाडी बंद पडली." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "याची बोटं स्टीअरिंगवरून एकेक करून सोडवावी लागली तिथल्या लोकांना."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणायचीस ना, त्याला कळलं नसेल. तुला त्यावर झोप लागायची."

मी त्यांच्याशेजारी बसून मेथीची जुडी उचलली. सगळं कळलं होतं त्याला.

आता रोज मी त्याच रस्त्याने जाते. ते दगड कधीच उचलले गेलेत, तिथे बिल्डिंगचं गेट झालंय. रस्ता मोकळा असतो, तरी तिथे माझा पाय ब्रेकवर जातो आणि मी थांबते, कोणीतरी समोरून पलीकडे जाईपर्यंत थांबावं तशी. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवतात. मग मी निघते.