दामिनीचा ठिपका

अश्विन बोंदरे प्लॉट विकतो, असं त्याच्या कार्डावर छापलेलं आहे. प्रत्यक्षात तो नागपूरजवळच्या वाडीत एका पानठेल्यावर बसतो आणि मोबाइलच्या नकाशात एक निळा ठिपका बघतो. तो ठिपका म्हणजे त्याची बायको, दामिनी. ठिपका घरून निघाला, बसमध्ये बसला आणि लकडगंजला मधुकररावांच्या धान्याच्या ठोक दुकानात पोचला, की हा गडी समाधानानं तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकतो. मग दिवसभर ठिपका जागचा हलत नाही, आणि हाही हलत नाही. एवढं लक्ष त्यानं गिऱ्हाइकाकडे दिलं असतं, तर अमरावती रोडवरचा एखादा लेआउट तरी त्याच्या हातून विकला गेला असता.

लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं तिच्या फोनमध्ये ते अ‍ॅप टाकलं. घरच्यांच्या काळजीसाठी असतं, म्हणाला. काळजी मात्र एकाच बाजूची होती. त्याचा ठिपका तिला दिसत नव्हता. तिनं विचारलं तेव्हा पुरुषाच्या कामाचं स्वरूप वेगळं असतं, असं काहीतरी त्यानं सांगितलं. पानठेल्यावर बसण्याचं स्वरूप खरंच वेगळं असतं.

अडचण बॅटरीची होती. हे अ‍ॅप सतत जागं, नेट सतत चालू, आणि दामिनीचा फोन जुना. दुपारच्या डब्यापर्यंत तो मान टाकायचा. ठिपका गेला की संध्याकाळी घरात चौकशी बसायची. कुठं होतीस, कोणाबरोबर होतीस, बंद काहून केला. बॅटरी संपली हे उत्तर त्याला मंजूर नव्हतं. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आता एकदा जरी फोन बंद दिसला, तर तुहं दुकान बंद. घरी बसजो."

दामिनीला घरी बसायचं नव्हतं. त्या दुकानात तूर-चण्याचे भाव ती फोनवर सांगायची आणि पलीकडचे मुरलेले व्यापारी गप ऐकून घ्यायचे. घरात तिचं वाक्य पुरतं ऐकून घेणारा माणूस एकच होता, तिचे सासरे रामाजी. ते आयुष्यभर शेतात राबले होते आणि मुलापुढे बोलायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

मग ती बॅटरीच्या मागे लागली. स्क्रीनचा उजेड इतका कमी केला, की उन्हात कोणाचा फोन येतोय तेही दिसेना. गाणी काढून टाकली. बसमध्ये मालिका बघायची ते बंद. उमरेडला दिलेल्या बहिणीशी, गुंजनशी, व्हिडिओवर बोलणं बंद. पडद्यावर गुंजनच्या मुलीचा फोटो होता. काळा पडदा कमी खातो असं कोणी सांगितलं, म्हणून तोही काढला. एकेक अ‍ॅप तिनं झोपवलं, आणि शेवटी त्या फोनमध्ये नवऱ्याचं तेवढं अ‍ॅप जागं उरलं. स्वतःच्याच फोनमध्ये ती भाडेकरूसारखी राहू लागली. पण फोन आता संध्याकाळपर्यंत टिकायचा. अश्विनला वाटलं, आपण दम दिल्यामुळे बायको वळणावर आली, आणि पानठेल्यावर त्यानं चारचौघांना तसं सांगितलंही.

स्वतःच्या फोनला या महाशयांनी कसलंच वळण लावलं नव्हतं. उजेड पूर्ण, नकाशा उघडा, मधूनमधून व्हिडिओ, आणि वरून नागपूरचं ऊन. फोन तापून इस्त्री व्हायचा. ठेलेवाल्याच्या प्लगवर त्याचा संसार चालला होता.

मे महिन्यात रामाजी एका लग्नासाठी उमरेडला गेले. परतताना एसटीनं दिघोरी चौकात उतरायचं आणि अश्विननं गाडी घेऊन त्यांना आणायला जायचं, असं ठरलं होतं. उतरल्यावर फोन करा, मी तयारच राहतो, असं त्यानं बापाला दोनदा बजावलं.

नेमकं ते परतायच्या दुपारी मधुकररावांनी दामिनीला चेक भरायला बँकेत पाठवलं. ठिपका हलला. अश्विन खर्रा थुंकून उठला आणि गाडीवर टांग टाकून निघाला. फोन हँडलला अडकवलेला, नकाशा चालू, ऊन थेट पडद्यावर. कॉटन मार्केटच्या आसपास फोन बंद पडला. दामिनी तोवर चेक भरून दुकानात परतही आली होती. हा मात्र एका मोबाइलच्या दुकानात फोन चार्जिंगला लावून, हातात उसाच्या रसाचा गिलास घेऊन बसला. बाप लक्षात नव्हता असं नाही. पण बाप कुठं आहे हे त्याला माहीत होतं, आणि बायको कुठं आहे हे नव्हतं.

रामाजींनी चौकात उतरून आपल्या बटनांच्या फोनवरून नंबर लावला. स्विच ऑफ. पोरगा गाडीवर असेल, येतच असेल, असं त्यांनी धरलं. सावलीत गेलो तर त्याला दिसणार नाही, म्हणून रस्त्याच्या कडेला उन्हातच उभे राहिले. सून कामावर, तिला कशाला त्रास द्यायचा, असा विचार करून तिला फोन केला नाही. शेवटी भोवळ येऊन तिथंच कोसळले. समोरच्या टरबूजवाल्यानं त्यांना उचलून पाणी मारलं आणि फोनमधला दुसरा नंबर लावला. तो दामिनीचा होता, आणि तो लागला.

मधुकररावांनी दुकानाचा टेम्पो दिला. दामिनीनं सासऱ्यांना दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं, आणि ती ओला रुमाल त्यांच्या कपाळावर बदलत बसली. जिवावरचं टळलं, पण थोडक्यात, असं डॉक्टर सांगून गेले.

तेवढ्यात अश्विन आला. तापलेला फोन बऱ्याच वेळानं जिवंत होताच त्याला ठिपका दवाखान्यात दिसला होता, आणि तो ठिपका धरून आला होता. वॉर्डाच्या दारातूनच त्यानं आवाज चढवला, "दुकान सोडून इथं काहून आली? कोणासंगं आली? मले सगळं दिसून राहिलं." आजूबाजूच्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली.

दामिनी बाजूला सरकली, मागची खाट त्याला दिसावी म्हणून. "तुमच्या बापासंगं," ती म्हणाली.

अश्विननं खाटेकडे पाहिलं. मग म्हणाला, "माही बॅटरी संपली होती." पुरावा म्हणून त्यानं फोन पुढेही केला. रामाजींनी डोळे उघडून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी सुनेकडे मागितलं.

तिनं पाणी पाजलं. आजवर या माणसाची तिला भीती वाटायची. आता तिनं नीट बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात खर्रा, खिशातून लोंबणारी चार्जरची वायर, आणि बापापेक्षा फोन घट्ट धरलेला हात. भीती कुठंच सापडली नाही. नुसती किळस आली, आणि आपण इतकी वर्षं कशाला भ्यालो याची लाज वाटली.

तिनं आपला फोन काढला. त्यात अजून निम्मी बॅटरी होती. त्याच्यासमोर तिनं बाजूचं बटन दाबून धरलं. "हा संपला नाई. मी बंद केला," ती म्हणाली. "उद्या मी दुकानात चालली. काम असलं तर दुकानाच्या फोनवर करजा."

बायको हातभर अंतरावर उभी होती, आणि अश्विन मान खाली घालून तिला फोनमध्ये शोधू लागला.