कानाने शिजवलेला जॅम

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सगळ्यांनी मला सासूची भीती घातली होती. प्रत्यक्षात मला धाक बसला तो थोरल्या जावेच्या नाकाचा. आम्ही तिला ताई म्हणतो. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. ती आणि भाऊजी सासूबाईंबरोबर खाली. मी वर कांदा जरा जास्त परतला की जिन्यातून हाक यायची, "अगं, आच कमी कर!" भाऊजी गॅरेजमधून आले की ती दारातच ओळखायची की आज कुणाची तरी डिझेलची गाडी आली होती आणि वाटेत कुठेतरी वडापावाऐवजी बिस्किटांवर भागवलंय. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात लिंबाची अर्धी फोड कधी खराब झाली, हे तिला फ्रिज न उघडता कळायचं.

स्वयंपाकही ती नाकानेच करायची. पातेल्यावर वाकायची, डोळे मिटायची, एक लांब श्वास घ्यायची. "आलं हवंय अजून." झालं. त्यावर अपील नाही.

तिचा खरा मोसम म्हणजे पानगळ. घरामागे आमची चिंचोळी, लांबुडकी बाग आहे. टोकाला सफरचंदाचं म्हातारं झाड, कुंपणावर घेवड्याचे वेल, आणि शेडच्या पत्र्यावर चढून बसलेले भोपळे. उन्हं तिरपी झाली, पानं पिवळी पडू लागली, की ताईच्या अंगात यायचं. माझ्या दोघी मुलींना ती लाल-पिवळी पानं गोळा करायला पिटाळायची. ती पानं वितळलेल्या मेणात बुडवून, दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा खिडक्यांत लागायच्या. लसणाच्या वेण्या घालायचं काम माझ्याकडे. सासूबाई जुने स्वेटर उसवून लोकरीचे गुंडे करत बसायच्या आणि बसल्या जागेवरून सगळ्यांच्या चुका काढायच्या. भाऊजी शिडीवर. आणि मोठ्या पातेल्यात सफरचंदाचा जॅम रटरटू लागला की त्याचा वास थेट कोपऱ्यावरच्या बेकरीत पोचायचा. मग बेकरीवाली पिठाचे हात पुसत यायची. बाई फटकळ, पण पाव असा करते की बोलणं सोडून द्यावं. तिचं गिऱ्हाईक पावाबरोबर ताईचाच जॅम मागायचं.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता घरात ताप शिरला. एकेक करून सगळे आडवे झालो, एकेक करून उठलो. ताईही उठली. तिचं नाक तेवढं उठलं नाही.

सर्दी असेल म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते दुधामुळे. मी काहीतरी मागायला खाली गेले तर जिन्यातच करपट वास. आत गॅसवरचं दूध जळत होतं आणि ताई त्याच्याकडे पाठ करून शांतपणे शेंगा निवडत होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला. तिने वळून आधी काळ्या पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला काहीच आलं नाही गं," ती म्हणाली. "काहीच."

डॉक्टरांनी बॅटरी मारून नाक तपासलं. वास परत येईल, कदाचित नाहीही येणार, म्हणाले. औषध असं काही नव्हतं, वाट बघायची. आता वाट बघणं हा काही ताईचा प्रांत नव्हे. बागेतला पहिला भोपळा तयार झाल्याबरोबर तिने हट्टाने स्वतः सूप केलं. वाडगे भरले, सगळे टेबलाशी बसलो, पहिला चमचा तोंडात गेला. नुसतं मीठ! भाऊजी खाली मान घालून चमच्यामागून चमचा ढकलत राहिले. माझी धाकटी काही बोलणार, तेवढ्यात मी डोळे वटारले. पण सासूबाईंवर डोळे वटारणारं घरात कुणी नव्हतं.

"काय गं, समुद्र आटवलास की काय?"

ताईने आपला चमचा खाली ठेवला. गळ्यातला ॲप्रन काढला आणि माझ्या हातात दिला.

"यंदा तू कर," म्हणाली, आणि मागच्या दाराने बागेत निघून गेली.

सासूबाई ओशाळल्या. त्यांनी सबंध वाडगा संपवला, वर दुसऱ्यांदा मागून घेतला. पण बघायला ताई होती कुठे?

त्यानंतर तिने स्वयंपाकघराकडे पाठच फिरवली. दिवसभर बागेत सुकलेले वेल ओढून काढायची, नाहीतर पायरीवर बसून विणायची. तेही असं, की सुयांना वाटावं आपलं काय चुकलं. झाडाखाली सफरचंदं पडून राहू लागली. शेवटी मी बाह्या सारल्या आणि जॅमला हात घातला. हात घातला म्हणजे वाट लावली. वर मुलींचं भांडण जुंपलं, ते सोडवून येते तो बुडाशी डांबर आणि वर पाणी. मला नाक होतं, तेही चांगलं धडधाकट, पण ते माझ्याबरोबर वरच्या मजल्यावर गेलं होतं.

संध्याकाळी भाऊजी आले तेव्हा मी ते पातेलं घासत बसले होते आणि ताई पायरीवर विणत होती. भाऊजींनी पातेलं उचलून उजेडात धरलं, एखाद्या गाडीचा खराब सुटा भाग बघावा तसं.

"लागताना आवाज नाही आला?" त्यांनी मला विचारलं.

"कसला आवाज?"

"गाडी बंद पडायच्या आधी कुरकुरते. पातेलंही काहीतरी बोलत असणारच."

"पातेल्याला काय हॉर्न असतो?" ताई विणणं न थांबवता म्हणाली.

भाऊजींनी पातेलं मला परत दिलं. पण दुसऱ्या दिवशी गॅरेज लवकर बंद करून आले, हात खसखसून धुतले आणि लांब दांड्याचा लाकडी चमचा घेऊन ताईसमोर उभे राहिले. गॅरेजमध्ये त्यांची एक पद्धत आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाच्या मागे हाडाला लावायची, की आत काय बिघडलंय ते नेमकं ऐकू येतं.

"टोक पातेल्याच्या कडेला, दांडा कानाला. चल."

"अहो, मी काय तुमची गाडी आहे?"

"गाडी असतीस तर एव्हाना दुरुस्त करून रस्त्यावर सोडली असती," भाऊजी म्हणाले. "मी इंजिन काय हुंगून ओळखतो? मग तूच का नाकाला धरून बसलीस?"

मला वाटलं, आता तो चमचा भाऊजींच्या डोक्यात बसतो. ताई उठली. बहुतेक त्यांना एकदाचं गप्प करावं म्हणून उठली असेल. पण उठली.

आधी भाऊजींनी तिला नुसतं पाणी ऐकायला लावलं. मग साखरेचं पाणी. मग सफरचंदाच्या फोडी. ती कपाळाला आठ्या घालून उभी, भाऊजी शेजारी स्टुलावर. "आत्ता बदललं. काय बदललं?" "काही नाही बदललं." "बदललं. पुन्हा ऐक." पहिला जॅम इतका पातळ झाला की आम्ही तो पेल्यातून प्यायलो. दुसऱ्यात चमचा उभा राहिला आणि परत निघेना. मुलींनी त्याचे खडे फोडून गोळ्यांसारखे चघळले. ताईने दोन्ही वेळा शपथ घेतली की आता बास. दोन्ही वेळा पुढच्या दुपारी झाडाखाली टोपली घेऊन वाकलेली दिसली.

मग एके दिवशी जिन्यातून हाक आली. तीच जुनी, खणखणीत हाक. मी हातातलं टाकून खाली पळाले.

"ये इकडे. ऐक." तिने चमच्याचा दांडा माझ्या कानाला लावला. "पाणी आहे तोवर बारीक तडतड येते. मग ती जाड होते. मग एकेक बुडबुडा थप करून फुटतो, चिखलात पाय पडावा तसा. आणि त्या थपथपीच्या मागून सूं असा बारीक आवाज आला, की समजायचं, बूड धरतंय. कळलं?"

मला नुसती खडखड ऐकू येत होती. पण तिचा चेहरा मी बघितला आणि म्हटलं, "कळलं."

"खोटं बोलतेस," ती हसून म्हणाली. किती दिवसांनी हसली होती!

मिठाचा घोळही तिचा तिनेच निस्तरला. खारट, आंबट, गोड एवढं जिभेला कळत होतं. पण वासाशिवाय सगळं पोकळ लागायचं, आणि ती पोकळी भरायला हात मीठ टाकत सुटायचा. आता ती चिमूट मोजून टाकायची आणि हात मागे बांधून उभी राहायची. भोपळे तर ती वाजवूनच निवडायला लागली. शेडच्या पत्र्याला शिडी लावून, कान टेकवून, टक् टक्. खाली माझ्या मुली श्वास रोखून उभ्या. "हा झाला. हा अजून कच्चा आहे, राहू दे." कापल्यावर एकही चुकीचा निघाला नाही. सासूबाईंनी एकदा पाय पुढे केला. "माझाही गुडघा वाजवून बघ गं, पिकला का?"

"तो कधीच पिकलाय, आई," ताई म्हणाली. "देठ तेवढा घट्ट आहे."

सासूबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

तोवर ताईचं नाक गेल्याची बातमी बेकरीवालीपर्यंत पोचली होती. ती आली ती दारातच उभी राहिली.

"वहिनी, राग मानू नका. पण वासच येत नसेल, तर तुमचा जॅम मी गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडाने देऊ?"

मला राग आला. ताईला नाही.

"उद्या दुपारी या," ती म्हणाली. "पातेल्याशी उभ्या राहा. मग काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळं घर सफरचंदं चिरत होतं. दुपारी मोठं पातेलं चढलं. बेकरीवाली हाताची घडी घालून ओट्याशी उभी. ताईने खिडकी लावून घेतली, मुलींना तोंडावर बोट ठेवायला लावलं, दांडा कानाशी धरला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे इतके गप्प, की पातेल्यातली थपथप मलासुद्धा वेगळी ऐकू यायला लागली.

आणि तेवढ्यात मला वास आला. जळक्या साखरेचा.

"ताई, लागतंय!"

"नाही लागत."

"वहिनी, लागतंय हो!" बेकरीवाली पुढे झाली. "मी सगळा जन्म भट्टीशी काढलाय. साखर जळतेय!"

"अगं बंद कर तो गॅस!" सासूबाई खुर्चीतून ओरडल्या. "सगळा माल जाईल!"

माझा हात गॅसच्या बटणाकडे गेला. ताईने डोळे न उघडता तो मनगटाला धरून बाजूला केला.

"माझं पातेलं नाही," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी जळतंय. शोधा."

एवढी नाकं एका बाजूला आणि तिचा एक कान दुसऱ्या बाजूला. ती जागची हलली नाही. भाऊजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ घरभर हुंगत निघाले. मागच्या पडवीत आमचा जुना ओव्हन असतो. तिथून त्यांचा आवाज आला, "आई! ही सफरचंदं तू भाजायला ठेवलीस का?"

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पातेलं चढायच्या आधी त्यांनी, आपल्याला हळूच खायला म्हणून, साखर भरलेली सफरचंदं ओव्हनमध्ये सरकवली होती आणि साफ विसरून गेल्या होत्या. भाऊजी ट्रे घेऊन आले. त्यावर कोळसे.

ताईला हे बघायलाही सवड नव्हती. तिने थोडा वेळ आणखी ऐकलं. मग तिची भुवई जराशी हलली आणि तिने गॅस बंद केला.

"आता झाला."

बेकरीवालीने गार बशीवर एक थेंब टाकला, बशी तिरकी केली. थेंब जागचा हलला नाही. बोटाने त्यात रेघ ओढली. रेघ तशीच राहिली. तिने उलथन्याने पातेल्याचं बूड खरवडून बघितलं. स्वच्छ. मग पावाचा तुकडा त्यात बुडवून तोंडात टाकला आणि चावत चावत बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली.

"वहिनी," ती शेवटी म्हणाली, "सगळ्या बरण्या माझ्या. आणि दुसरं पातेलं कधी चढवताय?"

"सगळ्या नाही," ताई म्हणाली. "सफरचंदं घरच्यांनी चिरलीत, आधी घरच्यांना."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. वास ताईला अजूनही येत नाही, आणि मोहोर, मुलींचे धुतलेले केस, ताजा पाव असल्या गोष्टींची तिला आठवण येते, हे ती लपवत नाही. पण ॲप्रन पुन्हा माझ्या गळ्यात आला नाही. पानगळ सुरू झाली की घरात हुकूम तिचाच चालतो, आणि पातेलं चढलं की आम्ही सगळे न सांगता आवाज खाली आणतो.

त्या दिवशी संध्याकाळी बरण्या भरून, झाकणं घट्ट लावून आम्ही त्या टेबलावर ओळीने ठेवल्या. खिडकीत मेणातल्या पानांची माळ होती, तिच्यातून येणारं ऊन बरण्यांवर पडलं होतं. सगळे दमून खुर्च्यांत पसरले होते. बेकरीवालीही गेली नव्हती. बरणी निवत आली की आतली हवा आकसते आणि झाकण टक्कन आत बसतं. पहिलं बसलं.

"एक!" ताई म्हणाली.

मग दुसरं. मग टेबलाच्या पार टोकाचं. माझ्या मुलींनी प्रत्येक झाकणाला टाळी वाजवायला सुरुवात केली, मग भाऊजींनी, मग बेकरीवालीने. सासूबाई काठी आपटू लागल्या. ताई कमरेवर हात ठेवून टेबलाशी उभी होती. कुठलं झाकण आता वाजणार, हे ती आधीच बोटाने दाखवत होती, आणि एकदाही चुकली नाही.