नानाचा फोन कुणी ठेवला

रज्जाकभाई समोरच्या माणसाला कधी आधी फोन ठेवू देत नसत. बोलणं संपत आलंय असं वाटलं की "ठेवतो" म्हणायचे आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यात लोंबकळत असतानाच फोन बंद करायचे. मग तो बँकेचा असो, पाहुण्यांचा असो नाहीतर मुंबईच्या जावयाचा. एकदा तर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं रेकॉर्ड केलेलं निमंत्रण आलं, तर त्यालाही "बरं, ठेवतो" असं रीतसर सांगून त्यांनी ते मध्येच तोडलं. मी हसलो तेव्हा मला म्हणाले, "पेंटर, फोन आपण ठिवायचा. जो ठिवतो त्यो साहेब."

मला अख्खं कराड पेंटर म्हणतं. पूर्वी ब्रशनं पाट्या रंगवायचो, आता फ्लेक्स छापतो. माणसाला स्वतःबद्दल नेमकं काय वाटतं हे फ्लेक्सवाल्याला जितकं कळतं तितकं त्याच्या घरच्यांनाही कळत नाही. माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून रज्जाकभाईंचा गादी कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खोली, कापूस पिंजायचं यंत्र आणि जुबेदाभाभी. भाई कापूस भरायचे आणि बोलायचे. भाभी लांब सुईनं टाके घालायच्या आणि बोलायच्या नाहीत. दिवसभर कापूस उडायचा, त्यामुळे दोघंही संध्याकाळपर्यंत पांढरे व्हायचे आणि एका वयाचे दिसायचे.

आता 'लावा की फोन' या कार्यक्रमाबद्दल सांगायला हवं, कारण तो बंद पडला आणि त्या जागी आता दिवसभर सिनेमाची गाणी लागतात. सांगलीच्या एका रेडिओवर रोज दुपारी तो लागायचा. लोक फोन करून आपली तक्रार सांगायचे आणि दगडूनाना नावाचा निवेदक त्यांना असा काही सल्ला द्यायचा की तक्रार दुप्पट व्हावी. माणूस पुरता गोंधळला की नाना ओरडायचा, "ठेव फोन!" आणि खाडकन् फोन तोडायचा. नानानं आपला फोन तोडला हे लोक लग्नपत्रिकेत छापायचं तेवढं बाकी ठेवत. आमच्याकडं मान मिळवायचे मार्ग कमी आहेत, त्यामुळे अपमानही चारचौघांत झाला तर चालतो.

त्या नानाचा फोन कुणीतरी उलट तोडला, असं एकदाच घडलं. तो फोन आमच्या रज्जाकभाईंचा होता. तक्रार अशी होती की बायको माझ्या विनोदाला हसत नाही. नाना म्हणाला, विनोद सांगा. भाईंनी सांगितला, "उशीनं गादीला विच्यारलं, तुझ्यावर माणूस झोपतोय, माझ्यावर डोकं ठिवतोय. मग हुशार कोण?" इथून पुढं काय झालं ते भाई दर वेळी नव्यानं सांगत. नाना अडकला. भाईंनी त्याला चार उलटे प्रश्न केले. नानाला घाम फुटला, तो भाईंना रेडिओवरून दिसला. मग भाई म्हणाले, "नाना, आता तुमी बसा विचार करत, ठेवतो." आणि ठेवला. त्या सगळ्यात भाभींच्या वाट्याला एकच वाक्य होतं, "कुणाचा फोन हाय?"

कार्यक्रम बंद पडल्यावर चाहत्यांचं रीतसर 'सातारा-सांगली जिल्हा श्रोता मंडळ' निघालं. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, मार्गदर्शक, ज्येष्ठ मार्गदर्शक, आणि साधे श्रोते जवळजवळ नाहीतच. वर्षातून एकदा दोन्ही जिल्ह्यांच्या मधोमध एखादं मंगल कार्यालय गाठून मेळावा व्हायचा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, स्वागतगीत आणि मग मुख्य विषय, आवडता क्षण कुठला. एकजण म्हसवडच्या मेंढपाळाचा फोन सांगायचा. त्याला नानानं हरवलेल्या मेंढराचं नाव विचारलं, तर तो कळपातल्या सगळ्यांचीच नावं सांगत सुटला. दुसऱ्याला महाबळेश्वरचा टॅक्सीवाला आवडायचा. त्यानं मागं बसलेल्या पाहुण्यांना दाट धुक्यात उभं करून सहा पॉइंट दाखवले, नानाला ऐकू जाईल असे. एकच क्षण दोघांनी सांगितला तर दोन वेगळे क्षण निघायचे, मग आवाज चढायचे, मग जेवण वाढलं म्हणून कुणीतरी सांगायचं.

शेवटी भाई उठायचे. जाकिटाची गुंडी लावायचे, खिशातला मोबाइल कानाला लावायचे आणि तो फोन पहिल्यापासून करून दाखवायचे. दर वर्षी नानाला फुटणारा घाम वाढायचा. ज्यांनी तो फोन त्या दुपारी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, त्यांनाही हळूहळू भाईंचं सांगणंच आठवू लागलं. मला तर घाम दिसायलाही लागला होता.

फूट पडल्याशिवाय आमच्याकडं मंडळ पूर्ण होत नाही. मिरजेचे बजरंगआण्णा उपाध्यक्ष होते. त्यांचं म्हणणं, सर्वोत्तम क्षण म्हणजे मिरजेच्या बँडवाल्याचा फोन, ज्यानं नानाच्या प्रत्येक प्रश्नाला ट्रम्पेट वाजवून उत्तर दिलं. क्षण उत्तमच होता, पण बँडवाला आण्णांचा मेहुणा होता. एका मेळाव्यात यावरून खुर्च्या सरकल्या आणि सांगलीचं मंडळ वेगळं निघालं. दोघांनीही स्वतःला 'मूळ' म्हणवलं. दोघांचे फ्लेक्स मीच छापले. 'मूळ' हा शब्द दोन्हीकडं एकाच मापाचा घेतला, शेवटी मला गावात राहायचं होतं.

मग एक दिवस आण्णा स्वतः माझ्या दुकानात आले आणि खुर्चीत न बसताच मजकूर सांगू लागले. कुणाच्या तरी जुन्या मोबाइलच्या कार्डात भाईंच्या फोनचं रेकॉर्डिंग सापडलं होतं. या खेपेला दोन्ही मंडळांचा एकत्र मेळावा, प्रमुख आकर्षण अस्सल रेकॉर्डिंग, आणि प्रमुख पाहुण्या सौ. जुबेदाभाभी. "एकदा सोक्षमोक्ष लागू दे, पेंटर," आण्णा म्हणाले, "खरं काय ते लोकांना कळू दे की." खऱ्याची एवढी ओढ मी आण्णांमध्ये कधी पाहिली नव्हती.

भाई आले तेव्हा तो फ्लेक्स दुकानात पसरलेलाच होता. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला. "आवाज चांगला आलाय का त्यात?" त्यांनी विचारलं.

"आण्णा म्हणतात, लख्ख आलाय."

भाई फ्लेक्सच्या कडेला उकिडवे बसले. अंगावरचा कापूस टिपत राहिले. "गादीवाले लय असत्यात, पेंटर," ते म्हणाले, "ह्या पेठेतच किती हायत. नानाचा फोन ठिवलेला मी एकटाच. तेवढं गेलं तर माझ्याकडं काय ऱ्हायलं, सांगा." मी मजकुरातला 'अस्सल' जरा लहान केला. तेवढंच माझ्या हातात होतं.

मेळाव्याला भाई इस्त्रीच्या कपड्यांत पहिल्या रांगेत बसले, डॉक्टरकडं बसल्यासारखे. भाभी व्यासपीठावर होत्या. त्या पहिल्यांदाच आल्या होत्या आणि अंगावरच्या शालीचं कापड बोटांनी चाचपून बघत होत्या. आण्णांनी भाषणात खऱ्याचं महत्त्व सांगितलं आणि रेकॉर्डिंग लावलं.

त्यात भाई होते, पण थोडे. "हॅलो" होतं, "व्हय नाना" होतं, उशीचा विनोद होता आणि त्यानंतर त्यांचंच एकट्याचं हसणं होतं. नाना हसला नाही. म्हणाला, भाभींना द्या. मग भाभींचा आवाज आला, टाका घालता घालता बोलावा तसा. "आवं नाना, तुमाला एकदा ऐकून हसू आलं न्हाई. मला तर ह्यो रोज भाकरीसंगं असतोय." नाना नुसताच 'अं, अं' करू लागला. भाभी म्हणाल्या, "दूध वर आलंय. ठेवते." आणि खाडकन् फोन बंद झाला.

सभागृह हसलं, ते आधी भाभींच्या बोलण्याला. मग लोक भाईंकडं बघून हसले आणि ते हसणं वेगळं होतं. भाई खाली बघत बसले होते. मला त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून कुठंतरी निघून जावंसं वाटलं, आणि आण्णांचा मनापासून राग आला. आण्णांनी माइक भाभींच्या पुढं धरला. "भाभी, आता तुमीच सांगा. नानाचा फोन कुणी ठिवला?"

भाभींनी माइक हातात घेतला. नीट धरला.

"ठिवला म्या," त्या म्हणाल्या. "पण ठीव म्हणून डोळ्यानं खुणावलं तेनी. रेडिओत डोळं दिसत न्हाईत, आण्णा."

असल्या टाळ्या त्या कार्यालयात कुणाच्या लग्नातही पडल्या नसतील. आण्णाही वाजवू लागले, कारण न वाजवून चाललं नसतं. भाई उठून उभे राहिले आणि सवयीनं जाकिटाची गुंडी लावून पुन्हा बसले. येताना गाडीत ते पुढं आणि भाभी मागं बसल्या होत्या. कराड येईपर्यंत भाई तीनदा मागं वळले. भाभी झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

त्यानंतर मेळाव्यात भाईंना तो फोन करून दाखवायचा आग्रह झाला की ते म्हणायचे, "माझं काय, माझं डोळ्याचंच काम." आणि ते कुणाचाच फोन तोडेनासे झाले. "तुमी ठिवा, पेंटर," ते म्हणायचे. मी म्हणायचो, तुम्ही ठेवा. असं करत आम्ही दोघंही भिंतीच्या अल्याडपल्याड फोन धरून उभे राहायचो, आणि त्यांच्या यंत्राचा आवाज मला फोनमधून आणि भिंतीतून असा दोन्हीकडून ऐकू यायचा.

भाई गेल्या वर्षी गेले. ताप आला, उतरला असं वाटलं, आणि गेले. दोन्ही मंडळांनी दोन शोकसभा घेतल्या, दोन्हींचे फ्लेक्स माझ्याकडूनच. आण्णांच्या फ्लेक्सवर मजकूर होता, 'नानाचा फोन ठेवणारे आपले लाडके रज्जाकभाई'. खऱ्याचा विषय तिकडं कुणी काढला नाही. मी तो फ्लेक्स छापताना रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

भाभी दोन्ही सभांना गेल्या नाहीत. काही दिवसांनी मी त्यांना भेटायला गेलो. कारखान्याच्या मागच्या खोलीत त्या एकट्याच होत्या. चहासाठी त्यांनी दूध तापत ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. मी विचारलं, "भाभी, त्या दिवशी भाईंनी खरंच डोळ्यानं खुणावलं होतं?"

"कुठलं खुणावतंय माणूस," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं पाठ हुती तेंची. हसत हुतं आपलं आपणच."

मी हसलो. त्याही हसल्या, थोड्याशा. मग म्हणाल्या, "पेंटर, तुमाला तेंचं पाठ असंल की. सांगा बघू त्यो फोन."

मी रेकॉर्डिंगप्रमाणं सुरू केलं. हॅलो, व्हय नाना, उशीचा विनोद. त्यांनी मला थांबवलं.

"तसं न्हवं. ते सांगायचं तसं सांगा. लांबवून."

मग मी जाकीट नसताना गुंडी लावली, मोबाइल कानाला धरला आणि भाईंसारखा सांगू लागलो. चार उलटे प्रश्न केले. नाना अडकला. मी त्याला घाम फोडला, भरपूर फोडला. भाभी माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या. तेवढ्यात आतून शेगडीवर चर्र आवाज आला आणि करपल्याचा वास सुटला. मी थांबलो. म्हणालो, "भाभी, दूध."

त्या जागच्या हलल्या नाहीत.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमी ठिवू नका. सांगा फुडं."