रुमालातली माती

लाँच रेवसच्या धक्क्याला लागत होती तेव्हा वहिनीचा फोन आला. "तुझे दादा गेले गो…" मी त्यालाच भेटायला निघाले होते. हातातली फळांची पिशवी कुठं ठेवावी, हेच मला बराच वेळ सुचेना.

नामदेवदादा, माझा थोरला भाऊ. विधिमंडळाच्या सुरक्षेत त्याची सारी नोकरी झाली, पण त्याची ओळख राहिली ती एकाच दुपारची. अधिवेशन चालू असताना प्रेक्षक गॅलरीतून एका माणसानं सभागृहात उडी घेतली आणि हातातलं काहीतरी समोर भिरकावलं. "हत्यार आहे!" असा ओरडा झाला, पळापळ उडाली. दादानं झेप घालून त्याला खाली पाडलं. त्यात त्या माणसाचा पाय मोडला. तो काशिनाथ, आमच्याच खाडीपलीकडचा. बांध फुटून भरतीचं पाणी त्याच्या भातशेतात शिरत होतं आणि कुणी ऐकत नव्हतं. त्यानं फेकली होती ती रुमालात बांधून नेलेली शेतातली खारी माती.

कामकाज उधळल्याचा गुन्हा तर होताच. त्यावर सशस्त्र घुसल्याचं कलमही लागलं, कारण दोघातिघांनी चाकू पाहिल्याचं सांगितलं होतं. "तूही पाहिलास म्हण, विषय संपेल," असं एका सहकाऱ्यानं दादाला सुचवलं. कोर्टात त्याला विचारलं, हातात काय होतं?

"रिकामा रुमाल."

"खात्री आहे?"

"मनगट माझ्याच मुठीत होतं, साहेब."

शस्त्राचं कलम गळालं. बाकीची शिक्षा झालीच, काशिनाथ तुरुंगात गेला. मी म्हटलं, बिचाऱ्याला सोडूनच द्यायला हवं होतं. दादा भडकला. "का सोडायचं? उद्या खराच कुणी हत्यार घेऊन उतरला तर? सभागृहात बसलेत त्यांना आपणच निवडून पाठवलंय. कायदा हवाच… पण नसलेला चाकू मी दाखवणार न्हाय." त्या साक्षीनंतर त्याच्यासोबत चहाला यायचं सहकाऱ्यांनी हळूहळू बंद केलं.

निवृत्त झाल्यावर तो काशिनाथला भेटायला गेला. सोबत मी होते. दारात त्याच्या बायकोनं विचारलं, "कोन?" दादा म्हणाला, "मी… ज्यानं पाय मोडला तो." ती आत वळून बघू लागली. आतून काठी टेकत काशिनाथ आला. "तुमी खाली पारला नसता तर कुनीतरी गोली घातली असती. या, पानी घ्या."

मग त्यानं शेत दाखवलं. शेत कुठलं, गुडघाभर चिखल आणि त्यात वाढलेली तिवरांची झुडपं.

"गॅलरीला आता काच बसवली म्हनं?" त्यानं विचारलं.

"बसवली."

"बरा झाला." त्यानं काठीनं पाण्याकडे दाखवलं. "बांध न्हाय बसवला."

त्यानंतर तो खाडीच्या बाजूला फिरायलाही जाईना. काशिनाथ वारल्याचं कळलं त्या दिवशी जेवला नाही… आणि पुढं त्याचं जेवण कमीच होत गेलं.

ओटीवर त्याची खुर्ची दाराकडे तोंड करून असायची. कुणीही आलं की तो आधी त्याच्या हातांकडे बघे, मग चेहऱ्याकडे. पोरं हसायची. दादा गेल्यानंतर परवा मी घरी गेले तेव्हा कुणीतरी ती खुर्ची टीव्हीकडे वळवून ठेवली होती. वहिनी तांदूळ निवडत होती. ती उठली, खुर्ची पुन्हा दाराकडे वळवली, आणि खाली बसून तांदूळ निवडू लागली.