कुंकवाची काडतुसं

अंधाराची खरी कदर अख्ख्या कॅनडात एकाच माणसाला आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. रेजिनाला हिवाळ्यात पाचच्या आत काळोख पडतो. त्यावर इतर माणसं व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतात, मामांनी पिस्तुलाच्या घेतल्या. त्यांच्या क्लबात मंद उजेडात नेम मारायची स्पर्धा असते आणि तिच्यात नेमापेक्षा जाळ महत्त्वाचा, असा मामांचा सिद्धान्त. बार उडाला की नळीच्या तोंडाशी भडका होतो, डोळे दिपतात आणि पुढची गोळी आपण अंदाजपंचे मारतो. म्हणून काडतूस असं हवं की निरांजनाइतकाच उजेड व्हावा. तसं ते बाजारात मिळत नाही, म्हणून मामा बेसमेंटमध्ये स्वतः भरत. दारू तोलायचा नाजूक काटा, चकलीच्या सोऱ्याचा थोरला भाऊ शोभेल असं दाबयंत्र आणि रिकामी नळकांडी घासायला चिंच-मीठ, कारण "पितळ ते पितळ, देवाचं असो की पिस्तुलाचं." दारूच्या चार जाती ओळखू याव्यात म्हणून काडतुसांच्या बुडाला कुंकू, हळद, अष्टगंध आणि बुक्का यांचे ठिपके. "देवाला कुंकू औषधालासुद्धा उरलं नाही," मामी म्हणायच्या, "गोळ्यांचं सौभाग्य मात्र अखंड."

गेल्या हिवाळ्यात या संशोधनाला एकदम घाई आली. मुलीनं दोघांना ओकव्हिलला आपल्या कॉन्डोत न्यायचं ठरवलं आणि फोनवर बजावलं, "बाबा, यू आर कमिंग. पिस्तूल इज नॉट." हल्ली इथं पिस्तूल कुणाला विकताही येत नाही आणि देताही येत नाही. ते पोलिसांकडे जमा होणार होतं. उरली एकच स्पर्धा, आणि मामांना जन्मात एकदा तरी पहिल्या तिघांत यायचं होतं. चारांतली एक जात निवडायला ते मला घेऊन रेंजवर गेले. "जावईबापू, मी मागेन ते काडतूस हातात द्यायचं. बाकी काही करायचं नाही." लग्नापासून सासरच्या कुणी माझ्यावर एवढा विश्वास टाकला नव्हता.

दिवे मंद झाले. मामांनी कानांवर मफ चढवले आणि म्हणाले, "कुंकू." मी ट्रेमध्ये पाहिलं. त्या उजेडात कुंकू काळं दिसत होतं. बुक्का तर जन्माचाच काळा. हळद आणि अष्टगंध दोन्ही मातकट. खास अंधारासाठी भरलेली काडतुसं रंगावरून ओळखायची, यात काही गफलत आहे हे बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली आम्हा दोघा सुशिक्षितांच्या डोक्यात आलं नव्हतं. मामांना हाक मारावी तर कानांवर मफ. शेवटी मी एकेक काडतूस नाकाशी नेऊन हुंगायला लागलो. सगळ्यांना चिंचेचा वास. रेंजवरच्या धिप्पाड गोऱ्या माणसानं मला पाहिलं आणि मामांचा खांदा हलवून विचारलं, "इज ही ओके?"

"सन-इन-लॉ," मामा एका कानावरचा मफ उचलून म्हणाले आणि तो लगेच पुन्हा बसवला. त्याचं समाधान झालं.

मग मी हाताला येईल ते देत गेलो. आणि त्यांतली एक गोळी बरोब्बर मधोमध बसली. जाळ म्हणाल तर समईची वात किंचित हलावी इतकाच. मामांनी पिस्तूल हळूच खाली ठेवलं, मफ काढले, दिवे लावायला सांगितले.

"हीच. कुठली ही?"

घामानं सगळे ठिपके पुसले गेले होते. माझे तळवे रंगपंचमी खेळून आल्यासारखे. मामा त्यांच्याकडे ज्योतिष्यासारखे बघत राहिले.

"चुकलं, मामा."

"असू द्या," ते म्हणाले, "उरलेली सगळी नेऊ. त्यांत ती असेलच."

स्पर्धेत एका बाराला निरांजन, तर दुसऱ्याला भुईनळा. मामा शेवटून दुसरे आले. शेवटच्या गृहस्थाची गाडी बर्फात अडकल्यामुळे तो आलाच नव्हता.

आता मामा ओकव्हिलला असतात. कॉन्डोतून तळं दिसतं आणि कुठंही पुरेसा काळोख होत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. सोऱ्याचा थोरला भाऊ माझ्या बेसमेंटमध्ये धूळ खातोय. दर रविवारी फोन येतो. आधी मामींचे गुडघे, मग आमचे विंटर टायर्स, मग आवाज खाली येतो.

"जावईबापू, ती मधोमध लागलेली... कुठली होती हो?"

"हळद," मी सांगतो.

"वाटलंच मला."

गेल्या रविवारी माझ्या तोंडून चुकून अष्टगंध निघून गेलं. जीभ चावून मी सावरून घेणार, एवढ्यात मामा म्हणाले, "वाटलंच मला."