पाणी पाजणाऱ्या मावशी

"म्या बघितलंय समदं," असं म्हणून मावशी हनुवटीला बोट लावायच्या आणि पुढे काहीच सांगायच्या नाहीत. अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती आणि वर दुष्काळ. मावशी कचेरीतला रांजण भरायच्या, मी टँकरच्या टेबलावरचा कारकून.

त्या वर्षी सकाळी माझी बोटं सुजायची. डॉक्टरांनी आमवात सांगितला. पण खरी पंचाईत वेगळीच होती. तासात चारदा लघवीला पळायचं आणि तिथं आग नि चार थेंब. हे डॉक्टरांना सांगायची लाज वाटली. मग मीच इलाज शोधला: कचेरीत पाणीच प्यायचं नाही.

साहेबांच्या ते लक्षात आलं. भर बैठकीत म्हणाले, "पाणी कसं वाचवावं, यांच्याकडून शिका." टाळ्या झाल्या. मी वाकून नमस्कार केला. खरं तर सरळ उभंच राहवत नव्हतं.

दुपारी मावशी तांब्या घेऊन आल्या. "प्या, भाऊसाहेब."

"दुष्काळ आहे, मावशी."

"दुष्काळ गावाला हाय. तुमी कशाला सुकून राहिले?" मग हळूच म्हणाल्या, "माझ्या बहिणीला बी आधी सांधे धरले, मग हे असं घडीघडी पळणं. लाजंपायी बोलली न्हाई. लई भोगलं तिनं."

बाईमाणसानं हे बोलावं? मी आठवडाभर अबोला धरला.

आणि एक दिवस साहेबांपुढे फाईल घेऊन उभा असताना थांबवताच आलं नाही. पँट ओली झाली. तेवढ्यात पाणी द्यायला आलेल्या मावशींनी अख्खा तांब्या माझ्यावर सांडला.

"आगं बया! हात निसटला, साहेब."

साहेब कडाडले, "दुष्काळात पाणी सांडता? लाज नाही वाटत?" मावशी खाली मान घालून ऐकत राहिल्या. आदर्श कारकून शेजारी निथळत उभा होता.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शरीर स्वतःवरच उलटलंय. सांध्यांसारखाच मूत्राशयालाही त्रास होतोय. आणि पाणी तोडून तुम्ही आग वाढवलीत." गोळ्या सुरू झाल्या. मावशी तासातासाला अर्धा पेला आणून ठेवायच्या. दुखणं गेलं नाही, पण आवरलं.

पुढे नव्या इमारतीत नळ आले, मावशींचं काम संपलं. त्या वारल्याचं फार उशिरा कळलं. देवणीजवळच्या त्यांच्या गावी गेलो. नाव सांगताच सुनेनं अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासाकडे हात केला.

"आधी तिकडं जाऊन या. आत्याबाई सांगून गेल्यात, लातूरचे भाऊसाहेब आले की आधी जागा दाखवायची, मग च्या."

लागली नव्हती, तरी गेलो. आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.