लाकडी घराचा पाया

माझ्या धाकट्या जावेचं मी चारचौघांत कौतुक करत नाही, डोक्यावर बसायची. पण लिहायला काय हरकत आहे?

नूतन लोणीची. आमच्या ओझरच्या शिवारात, पेरूच्या बागेशेजारी लाकडी घर उभं करायचं तिच्या मनानं घेतलं. गणपतीच्या दर्शनाला येणारी माणसं मुक्कामाला राहतील, म्हणाली. टेम्पोतून घर आलं ते सुट्ट्या फळ्यांचं. भिंती, दारं, छप्पर सगळं आपणच जोडायचं. तिचा नवरा, आमचे गोकुळभाऊजी, फळ्यांचा ढीग पाहूनच कपाळाला हात लावून बसले.

माझे मालक भगवंतराव घरात थोरले. त्यांचं मत ठाम. "खाली जाड कोबा टाका आन् ठिवा त्येच्यावर. पाया म्हंजी पाया!"

"दादा, काळी जमीन हाय ही," नूतन म्हणाली. "पावसात फुगती, उन्हाळ्यात भेगाळती. गोठ्याचा कोबा कसा उकललाय, बघा की."

तिला कांद्याच्या बराखीसारखं करायचं होतं. आमच्याकडं कांदा साठवायची बराख जमिनीपासून उंच, खांबांवर असते. खालून वारा खेळला की कांदा सडत नाही. लाकडालाही ओल लागायला नको, असं तिचं म्हणणं.

"बराखीत माणसं ठिवनार व्हय? कांदं हायेत का ती?" मालक गरजले. मग म्हणाले, "कर तुझ्या मनासारखं. पर वरीसभरात घर कलून दार अडाकलं, तर फळ्या उतरायच्या आन् हितं मका लावायचा. मग रडायचं न्हाई."

नूतन दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊनच निघाली. खांबाचा प्रत्येक खड्डा कठीण मुरूम लागेपर्यंत खणायचा, हा तिचा हट्ट. एका कोपऱ्यात मुरूम काही लागेना. "बास की आता, आत कोन बघतंय?" असं भाऊजी म्हणाले, तर तिनं त्यांनाच आत उतरवलं. वर काढायला मला हात द्यावा लागला, इतका तो खड्डा खोल गेला. मग काँक्रीटचे खांब भरले. नळीत पाणी भरलं, की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर राहतं; त्यावरून सगळ्या खांबांचे माथे एका पातळीत आणले. नळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, हे मी मुद्दाम सांगते.

खांबांवर फळ्या जोडून घर उभं राहिलं. पावसाळा गेला. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. नूतन रोज गुपचूप दार लावून बघायची, आणि मी तिला बघायची.

एकदा मालक स्वतःच गेले. दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. खिडक्या झाल्या. वाकून खालीसुद्धा बघितलं. खोड काढायला काहीच सापडेना, तसे घरी आले.

जेवताना म्हणाले, "आदेशच्या घराचं काम काढायचंय." आदेश आमचा मुलगा. "उद्या मेस्त्री येनार हाय. नूतन, पाया कसा आन् कुठवर खनायचा, ते तू सांगायचं. मी मधी बोलनार न्हाई."

एवढ्या संसारात हे वाक्य त्यांनी मला कधी ऐकवलं नव्हतं. तरी खरं सांगते, ऊर भरून आला तो माझाच.